खाडीपलीकडची राजधानी : पाहुण्यांना काय दाखवावे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पाली येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी मला नेमून दिलेला विषय 'स्वीडनच्या राजधानीतील प्रेक्षणीय स्थळे' असा होता. माझा भाचा नोकरीनिमित्त स्टॉकहोम येथे असतो, व गेल्या उन्हाळ्यात ते नगर पाहण्याचा योग मला आला, हे त्यांना ठाऊक होते. टिपणे काढावयास मी गच्चीवर बसलो. समोर आपली खाडी, पलीकडे वसईच्या माडांची रांग. तेव्हा एक गोष्ट मनाला लागून राहिली. भाच्याने परक्या शहरात मला चार दिवस हिंडवून तेथील दगडन् दगड समजावून सांगितला. तोच भाचा दोन वर्षांपूर्वी आपल्या स्वीडिश मित्राला घेऊन पालीस आला, तेव्हा मी त्या पाहुण्यास काय दाखविले? समुद्रकिनारा दाखविला, तळलेले बोंबील खाऊ घातले आणि स्टेशनावर पोहोचविले. खाडीपलीकडे एक अख्खी राजधानी पडली आहे, हे मी त्यास सांगितलेसुद्धा नाही! म्हणून आज स्टॉकहोमविषयी थोडे आणि वसईविषयी अधिक बोलणार आहे. चिटणीसांनी क्षमा करावी.

स्टॉकहोम हे चौदा बेटांवर वसलेले नगर. त्याचे नाव १२५२ सालच्या कागदपत्रांत प्रथम आढळते. जुन्या नगराच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन माणसांनी अंग चोरून जावे. राजवाडा सहाशेहून अधिक दालनांचा. ज्या सभागृहात दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल पारितोषिकाची मेजवानी होते, ते नगरभवन १९२३ साली पुरे झाले. हे सर्व सुंदर आहे, आणि याहून अधिक त्याविषयी मी सांगत नाही. छायाचित्रे घरोघरी पोहोचलीच आहेत. मला थबकवून ठेवले ते एका गलबताने. त्याचे नाव 'वासा'. आपल्या वसईशी नावाचे साम्य आहे, पण तेवढेच; ते नाव तेथील राजघराण्याचे.

आपण दर्यावर पोट भरणारी माणसे. तेव्हा या गलबताची हकिगत आपणांस इतरांहून लवकर समजेल. १० ऑगस्ट १६२८ रोजी चौसष्ट तोफा चढवलेले हे युद्धनौकांचे भूषण पहिल्याच सफरीस निघाले, आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन, बंदरातच, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत कलंडून बुडाले. तीसेक माणसे गेली. वर भार फार, आणि खाली त्याच्या मानाने रुंदी नाही व नीरमही अपुरे, हे कारण. याहून नवलाची गोष्ट अशी, की हा दोष आधीच कळला होता! धक्क्याला बांधलेल्या गलबतावर तीस माणसांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावावयास लावून परीक्षा घेतली. तीन फेऱ्यांतच गलबत इतके डोलू लागले, की परीक्षाच थांबविण्यात आली. राजा दूर लढाईवर होता, त्याला गलबत हवे होते, आणि नको म्हणण्याचे धैर्य कोणास झाले नाही. पुढे चौकशी झाली. शिक्षा कोणालाच झाली नाही. मूळ कारागीर आदल्याच वर्षी वारला होता.

हे गलबत २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढण्यात आले. लाकूड तडकू नये म्हणून सतरा वर्षे त्यावर औषधी द्रावणाचा फवारा चालू होता. १९९० साली त्याच्यासाठी खास संग्रहालय उघडले. म्हणजे जगभरचे लोक त्या राष्ट्राची फजिती पाहण्यास तिकीट काढून रांगेत उभे राहतात, आणि तेथील वाटाड्या ती फजिती काहीही न झाकता सांगतो. जुन्या नगराच्या मुख्य चौकातही तसेच. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने ८० हून अधिक सरदार, धर्मगुरू व नागरिक यांची तेथे मुंडकी उडविली. आज तेथे लोक कॉफी पितात. पण ती कथा पाहुण्यापासून चोरून ठेवीत नाहीत.

आता वसईकडे वळू. आपल्याकडून जो कोणी वसई दाखवावयास जातो, तो अर्धीच दाखवितो. आपल्या ज्ञातीत देवळात जाणारी घरे आहेत, तशी चर्चला जाणारीही आहेत. एका घरचा यजमान पाहुण्यास नागेश्वराच्या देवळाशी व चिमाजी अप्पांच्या पुतळ्याशी नेतो व तेथूनच परततो. दुसऱ्या घरचा यजमान पडक्या चर्चच्या कमानी दाखवितो आणि १७३९ साल आले की विषय बदलतो. मी स्वतः दोन्ही प्रकारच्या यजमानांबरोबर गेलो आहे. एकच तट, पण दोघांच्या वाटा एकमेकींस कोठे मिळाल्या नाहीत.

माझ्या मते पाहुण्यास प्रथम वसईत नेऊच नये. आधी आपल्याच चौक गावाच्या टोकास, धारावीच्या किल्ल्याच्या अवशेषांशी उभे करावे. तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही, हे खरे. परंतु खाडीचे तोंड तेथून दिसते, आणि ते दिसले की सगळा इतिहास उलगडतो. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि दोनशे वर्षे तेथून त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार चालला. त्या नगराची रसद पाण्यावाटे येई. धारावी ज्याच्या हाती, त्याच्या तोफांखाली खाडी. म्हणूनच १७३७ पासून या टेकडीसाठी झटापटी झाल्या. मराठ्यांनी ती घेतली, पोर्तुगीजांनी परत मिळविली, आणि १७३९ च्या मार्चमध्ये ती पुन्हा मराठ्यांकडे आली. दोन महिन्यांनी वसई पडली. आणखी एक. आपल्या या धारावी बेटाच्या खाणींतील दगड वसईच्या इमारतींसाठी जात असे, हे जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटियरातही नमूद आहे. समोरचे नगर परक्यांचे होते, पण त्याचा दगड आपल्या डोंगराचा आहे. तो ज्यांनी फोडला व होड्यांत भरला, त्यांची नावे कोठल्याही कोनशिलेवर नाहीत.

त्यानंतर भाईंदरहून बोटीने जावे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या रो-रो बोटीमुळे ही सोय झाली आहे. रेल्वेने वसई रोड गाठून जाता येते. परंतु जे नगर पाण्याकडे तोंड करून बांधले, त्यात पाण्यावाटेच प्रवेश करावा.

सुमारे साडेचार किलोमीटर घेराचा तट आहे. सागरी दरवाजाजवळ सेंट जोसेफचे मुख्य चर्च. मूळ बांधणी १५४६ ची व नूतनीकरण १६०१ चे, तसा शिलालेख आहे. मनोरा अद्याप उभा आहे. पुढे आतल्या बालेकिल्ल्याचा दरवाजा, त्यावर १६०६ हा आकडा. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत देखणा. तो सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहावा. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर गेले व १८६२ साली संतपदास पोहोचले. भारतात जन्मलेल्यांत ते पहिले संत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. मुलांना तेथे जपून पाय टाकावयास सांगावे.

या नगराचा थाट कसा होता? १६७५ साली आलेला इंग्रज वैद्य फ्रायर दुमजली वाड्यांचे, छतदार सज्जांचे आणि काचेऐवजी कालवांच्या शिंपल्यांची तावदाने बसविलेल्या खिडक्यांचे वर्णन करतो. शिंपले आपल्या खाडीत काय थोडे आहेत! पण तोच फ्रायर हेही सांगतो, की ख्रिस्ती नसलेल्यास रात्री तटाच्या आत राहू देत नसत. म्हणजे दिवसा व्यापार करावा, आणि रात्र पडताच बाहेर व्हावे. हेही पाहुण्यास सांगावयाचे. १६१८ च्या मे महिन्यातील तुफानाने समुद्र गावात शिरला व चर्चची छपरे उडाली, ही हकिगत मात्र सांगावी लागणार नाही, असे तुफान काय असते हे आपल्याकडच्या कोणालाही विचारावे. पुढे साथीच्या रोगाने वस्ती विरळ झाली. १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेली करेरी आला, तेव्हा नगराचा एक भाग ओस पडला होता.

मग सेंट सेबॅस्टियनचा बुरूज. १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तो फोडला व मराठे आत शिरले. चिमाजी अप्पांचे मस्तक तोफेच्या तोंडी देण्याचे बोलणे सर्वांस पाठ आहे. परंतु पाहुण्यास त्याहून आकडा सांगावा. मराठ्यांची सुमारे पाच हजार माणसे मेली वा जखमी झाली, पोर्तुगीजांची आठशेच्या आसपास. तटाआडच्यांची स्थितीही कशी होती? दारूगोळ्यासाठी त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये कर्जाऊ घेतले, ते चर्चमधील चांदी व पितळी तोफा गहाण टाकून. अखेरीस त्यांना शस्त्रांनिशी व बायकामुलांसह सन्मानाने जाऊ देण्यात आले. माझ्या दृष्टीने मराठ्यांच्या विजयातील हे कलम सर्वांत उजळ आहे, आणि दोन्ही प्रकारच्या यजमानांना ते न अडखळता सांगता येईल.

वसईच्या घंटाही पाहण्याजोग्या. पण त्यांसाठी लांब जावे लागते. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली येथे त्या टांगल्या आहेत. देवळात वाजतात, अंगावर क्रूस आहे.

आणि मग जे सांगावयास जीभ जड होते, ते. जी वसई एवढे रक्त सांडून मिळविली, तेथेच ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वतःचे स्वातंत्र्य त्यांच्या हाती दिले. चौसष्ट वर्षांच्या आत! या तहाचा विषय सहसा कोणी काढीत नाही. स्टॉकहोमचा वाटाड्या असता, तर त्याने प्रथम हेच सांगितले असते. सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजानंतर पाच मिनिटे थांबून मी तरी ते सांगणार आहे.

असो. माघात मंडळातर्फे एक सहल काढावी, असे माझे सुचविणे आहे. ऊन चढण्यापूर्वीची बोट धरावी. पिण्याचे पाणी व जेवण बरोबर घ्यावे, पायांत चांगली पायताणे असावीत, कारण तटावर गवत व काटे आहेत. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा भिंतींवर नावे कोरू नयेत. दोन प्रकारच्या यजमानांपैकी एकेक जण वाटाड्या म्हणून निवडावा व दोघांनी एकाच वाटेने जावे, ही माझी अट. भाच्याने नाताळच्या सुट्टीत आपल्या त्याच मित्रास पुन्हा आणण्याचे कळविले आहे. ज्या घरांत धारावीच्या दगडखाणींविषयी आजा-पणजाकडून काही ऐकले असेल, त्यांनी ते एका कागदावर लिहून तोपर्यंत चिटणीसांकडे द्यावे.