तड्यांच्या झिलईचे स्वागत



 यंदाच्या कुंभार परिषदेत आपण आजच्या जपानी सेलाडॉनवर, म्हणजे निळसर हिरव्या झिलईच्या भांड्यांवर बोलणार आहोत, त्यातही तड्यांच्या झिलईवर.

सेलाडॉनचा निळसर हिरवा रंग येतो तो झिलईतल्या थोड्याशा लोहामुळे. भट्टीत हवा कमी पडली की आग त्या लोहातला प्राणवायू ओढून घेते; हवा मोकळी राहिली तर तीच झिलई पिवळसर उतरते. तडे पडतात ते भांडे निवताना. झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते, ताण सोसवत नाही आणि जाळी उमटते. ही जाळी नेमकी कशी हवी, याचा ध्यास जपानी कुंभार ओकाबे मिनेओंनी चीनच्या दक्षिण सुंग काळातली भांडी पाहून घेतला. २००७ मध्ये जपानचा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरलेले कुंभार नाकाशिमा हिरोशी हे तर आयुष्यभर सेलाडॉनचेच झाले.

मला मात्र आज जपानच्या फुकुशिमा प्रांतातल्या नामिए गावाविषयी सांगायचे आहे. तिथल्या ओबोरी-सोमा भांड्यांची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी. हिरवट झिलईवरच्या बारीक तड्यांत काळी शाई चोळून भरायची, वर धावता घोडा रंगवायचा. पेला दुहेरी भिंतीचा, म्हणून गरम चहा ओतला तरी हात पोळत नाही. मार्च २०११ मध्ये अणुभट्टीचा अपघात झाला आणि सारे गाव रिकामे करावे लागले. कारागीर चहूकडे पांगले. झिलईचा दगड तिथल्याच डोंगरातला. किरणोत्सर्गामुळे तोही आणता येईना. तेव्हा प्रांताच्या संशोधन केंद्राने दुसऱ्या कच्च्या मालातून तशीच झिलई जुळवून दिली आणि २०१२ मध्ये निहोनमात्सु इथे सामायिक भट्टी उभी राहिली. कारागिरांच्या या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे.

नामिएच्या कारागिरांना जसा दगड मिळेना, तशी तळ्याची माती मिळेनाशी झालेले कुंभार या सभागृहातही बसले आहेत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की झिलईचे प्रमाण कुणी झाकून ठेवू नये. माती कुठली, राख कशाची, भट्टी किती तापवली, हे सारे मोकळेपणाने सांगा. तरुणांनी ते वहीत उतरवून घ्यावे. चाचणीच्या फरश्या मागच्या टेबलावर मांडल्या आहेत. त्या हातात घेऊन पाहा. जेवणाची सोय शेजारच्या दालनात आहे. आता अध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.