फेदरस्टनहॉ की फॅनशॉ?

फॅनशॉ. रेडिओवर हे आडनाव दोन ठोक्यांत सांगून होतं. कागदावर मात्र त्याला इंग्रजीची 17 अक्षरं लागतात, आणि ती दिसतात तशी वाचली तर होतं 'फेदरस्टनहॉ'!

उत्तर इंग्लंडात, नॉर्थम्बरलंडमध्ये, हॉल्टव्हिसल गावापासून जवळच साउथ टाइन नदीकाठी फेदरस्टन नावाचा किल्ला आहे. हे आडनाव त्या मुलखातलं. 'फेदर' म्हटलं की पीस डोळ्यांपुढे येतं, पण इथे पिसाचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत समासात येणाऱ्या 'फेदर'चा अर्थ 'चार' असा होता. 'स्टन' म्हणजे दगड. तीन दगड उभे आणि त्यांच्या माथ्यावर चौथा आडवा, अशी ती जागेची खूण. शेवटचं 'हॉ' म्हणजे नदीकाठची सपाट, गाळाची जमीन. थोडक्यात, चार दगडांजवळची मळी. एवढा नकाशा एका आडनावात मावला आहे.

मग त्याचं फॅनशॉ कसं झालं? इंग्रजी जीभ पहिल्या अक्षरावर जोर देते आणि मधली गिळते. चेशरमधल्या चॉलमॉन्डेलीचं 'चमली' झालं ते असंच. काही फेदरस्टनहॉ घराणी आजही सगळी अक्षरं उच्चारतात.

या नावाची खरी गोष्ट मात्र दक्षिणेत, ससेक्समधल्या अपपार्क या वाड्यात घडली. तिथले सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी 1825 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी ॲन बुलकशी लग्न केलं. ती त्यांच्याहून पन्नास वर्षांनी लहान होती. त्यांना मूल झालं नाही. 1846 मध्ये सर हॅरी वारले आणि वाडा तिच्याकडे आला. तिच्यामागून धाकटी बहीण फ्रान्सिस मालकीण झाली, आणि तिने फेदरस्टनहॉ हे आडनाव लावलं. ही बहीणही दूधघरवालीच्या घरची, पण नाव किती निष्ठेने जपलं! कादंबरीकार एच. जी. वेल्स यांची आई याच फ्रान्सिसबाईंकडे घरव्यवस्था पाहत असे.

फ्रान्सिसलाही मूल नव्हतं. तिच्या इच्छेनुसार वाडा पुढे कर्नल टर्नर यांच्याकडे गेला, त्यांच्यानंतर नौदलातल्या हर्बर्ट मीड यांच्याकडे. रक्ताने दोघेही त्या कुळातले नव्हते. तरी वाड्याबरोबर दोघांनीही आपल्या आडनावाला फेदरस्टनहॉ जोडून घेतलं.