उड्डाणशिक्षकाची पायरी



आपल्या ज्ञातीतील मुलेमुली विमानविद्येकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु परवाना हाती पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न अनेक आईबापांच्या मनाला टोचत असतो. त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास किमान २०० तासांचे उड्डाण लागते. प्रवासी विमानाचा कप्तान होण्यास जो वरिष्ठ परवाना हवा, त्यास १५०० तास लागतात. सहवैमानिकाची जागा लगेच मिळाली तर उत्तमच. पण ती सर्वांनाच मिळत नाही. डोक्यावर लाखो रुपयांचे कर्ज असते आणि घरी बसल्यास हातचे कसबही गंजू लागते. अशा वेळी उड्डाणशिक्षकाची पात्रता मिळवून प्रशिक्षणसंस्थेत शिकविणे हा एक सन्मार्ग आहे. त्यात वेतन मिळते आणि शिकविताना झालेले तास स्वतःच्या खाती जमा होतात. अमेरिकेत २०१३ पासून विमान कंपनीच्या सहवैमानिकासही साधारणतः १५०० तासांचा अनुभव लागतो. म्हणून तेथे असंख्य तरुण याच वाटेने पुढे जातात.

“वैमानिक व्हायला गेला आणि मास्तर होऊन बसला,” असे म्हणणारे आपल्यात आहेत. परंतु ही मास्तरकी हलकी नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळी, १९१७ साली, इंग्लंडात गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने उड्डाणशिक्षणाची रीतच पालटली. विद्यार्थ्याला संकटापासून दूर ठेवू नये. दुहेरी नियंत्रणाच्या विमानात त्याला मुद्दाम संकटात न्यावे आणि त्यातून बाहेर पडण्यास शिकवावे, हे त्याचे सूत्र. आजच्या शिक्षणाचा पाया तोच आहे.

एकच उदाहरण देतो. विमानाचे नाक वाजवीपेक्षा फार वर उचलले की पंखांची उचल नाहीशी होऊ लागते व विमान खाली जाऊ लागते. नवशिका घाबरून नियंत्रणदांडा आणखीच मागे ओढतो. वस्तुतः त्या क्षणी नाक खाली केले पाहिजे. येथे शिक्षकाने हात केव्हा घालावा? फार लवकर घातला तर विद्यार्थी काहीच शिकत नाही. फार उशिरा घातला तर दोघांच्याही प्राणांवर बेतते. हा विवेक अंगी बाणलेला मनुष्य पुढे कप्तान झाला, म्हणजे शेजारच्या सहवैमानिकाची चूक त्याला वेळीच ओळखता येते.

मात्र तरुणांनो, एक गोष्ट विसरू नका. तुमच्या डावीकडे बसलेला विद्यार्थी म्हणजे वहीतील तासांची बेरीज नव्हे. त्याच्याही आईने कदाचित दागिने मोडले असतील. ज्याचे लक्ष केवळ घड्याळाकडे असते, तो कच्च्या विद्यार्थ्यालाही एकट्याने उड्डाण करण्यास पाठवील. पायरी म्हणून हे काम अवश्य पत्करा. परंतु त्या पायरीवर दुसऱ्याचे आयुष्य तोललेले आहे, हे ध्यानात ठेवा.

आणि पालकहो, शिकविण्यात गेलेली दोनतीन वर्षे वाया गेली असे मानून मुलांना उणे बोलू नका. त्यांना धीर द्या.