हस्तिदंती चेंडूची पारख



गेल्या वैशाखांत माझा एक जुना विद्यार्थी लांकडी पेटी घेऊन घरीं आला. पेटींत हिरव्या बनातीच्या तुकड्यांत गुंडाळलेले बिलियर्डचे सात चेंडू होते. त्याचे आजोबा पुण्याच्या लष्कर भागांतील एका क्लबांत मार्कर होते. गुण मांडावे, टेबल झाडावें, चेंडू पुसून ठेवावे, हें त्यांचें काम. नोकरी सुटतांना हे जुने चेंडू त्यांना मिळाले, आणि “हस्तिदंताचे आहेत, जपा” एवढें घरच्यांना सांगून ते वारले. आतां नातवाच्या मुलीला पुढील शिक्षणासाठीं पैसा हवा होता. शहरांतील एका व्यापाऱ्यानें साऱ्या पेटीला चांगली किंमत देऊं केली होती. “गुरुजी, हे खरोखर हस्तिदंताचे आहेत का, तेवढें पाहून सांगा,” असें तो म्हणाला.

मीं तीस वर्षें मुलांना गणित व विज्ञान शिकविलें. तेव्हां सांगण्याची घाई हा माझा जुना दोष. पेटींतील सर्वांत देखणा, गुळगुळीत, मधासारख्या पिवळसर रंगाचा चेंडू मीं उचलला आणि म्हणालों, “हा तर नक्कीच.” तो हस्तिदंताचा नव्हता. पारख करण्यांत माझें कुठें चुकलें व मग काय केलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आधीं हस्तिदंतच कां लागे, हें पाहूं. तो कठीण असून चिवट आहे. एक चेंडू दुसऱ्यावर आदळला तरी फुटत नाहीं, आणि उसळी एकसारखी देतो. मात्र हत्तीच्या सुळ्याच्या गाभ्यांतून एक बारीक नळी टोंकाकडे जाते. ती चेंडूच्या बरोबर मध्यांतून गेली तरच चेंडू सरळ धांवतो. त्यामुळें एका सुळ्यांतून चांगले चेंडू थोडेच निघत. आफ्रिकेंतील हत्तिणीलाहि सुळे असतात. ते सरळ व बेताच्या जाडीचे, म्हणून कातारी लोकांना ते पसंत. एकोणिसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेचा पुष्कळसा हस्तिदंत झांझिबारहून मुंबई बंदरांत उतरे आणि तेथून लंडनला जाई. म्हणजे ज्या खेळाचें नांव आपल्या खेड्यांत कोणाच्या कानांवर नव्हतें, त्याच्यासाठीं मारलेल्या हत्तींचे दांत आपल्याच धक्क्यावरून जात होते. इंग्रजी बिलियर्डला तीन चेंडू पुरतात. पण १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्यानें स्नूकरचा खेळ काढला, आणि त्याला आज बावीस चेंडू लागतात.

पुढें हस्तिदंत महागला. अमेरिकेंत फेलन व कॉलेंडर या बिलियर्डचें सामान विकणाऱ्या पेढीनें त्याच्या जागीं चालेल असा पदार्थ शोधणारास दहा हजार डॉलरचें बक्षीस जाहीर केलें. ऑल्बनी गांवचा जॉन वेस्ली हायट् नांवाचा मुद्रक त्यामागें लागला, आणि १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड जन्मास आलें. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस व आपला देवघरांतला कापूर, यांचा तो मिलाफ. हायट्चे पहिले चेंडू मोठे गमतीचे होते. वरचा लेप इतका ज्वालाग्राही, कीं दोन चेंडू जोरानें आपटले तर टिकली फुटल्यासारखा आवाज होई. कोलोराडोंतील एका गुत्तेवाल्यानें त्याला लिहिलें, कीं माझी त्याबद्दल तक्रार नाहीं, पण आवाज झाला कीं खोलींतला प्रत्येक इसम पिस्तूल उपसतो! ही हकीगत हायट्नेंच पुढें सांगितली आहे. नंतर इंग्लंडांत बॉन्झोलीन आणि क्रिस्टलेट या नांवांचे कृत्रिम चेंडू आले. क्रिस्टलेट नांवाच्या कंपनीच्या ग्रामोफोनच्या तबकड्याहि निघत. १९०७ सालीं बेकलंडनें बेकेलाइट शोधल्यावर त्या जातीच्या राळेचे चेंडू होऊं लागले, आणि आजचे उत्तम चेंडू त्याच कुळांतले आहेत.

आतां पारख. रंग हा सर्वांत लबाड साक्षीदार. जुना म्हणजे पिवळा, आणि पिवळा म्हणजे हस्तिदंत, असें आपण धरून चालतों. पण बेकेलाइटच्या जातीची पांढरी राळ कालांतरानें सगळीकडे सारखी पिवळी होते. मी फसलों तो असल्याच चेंडूला. हस्तिदंताचा पिवळेपणा एकसारखा नसतो. उजेडांत राहिलेली बाजू फिकी, अंधारांत राहिलेली गडद. तांबड्या चेंडूची गोष्ट निराळी. हस्तिदंतावर रंग चढवावा लागे व तो फार खोल मुरत नसे. टवका उडाला तर आंत फिका दांत दिसतो. कृत्रिम चेंडू आंतून बाहेरून तांबडाच.

वजनावर तर मुळींच जाऊं नये. कृत्रिम चेंडू हस्तिदंताच्या तोलाचेच व्हावे, म्हणून कारखानदारांनीं मुद्दाम खटपट केलेली असते.

खरी साक्ष देते ती दांताची वीण. भिंग घ्या आणि चेंडू तिरप्या उजेडांत हळूहळू फिरवा. समोरासमोरच्या दोन जागीं एकेक बारीक ठिपका सांपडेल. ती गाभ्यांतल्या नळीचीं दोन टोंकें. त्या ठिपक्याभोंवतीं दोन दिशांनीं वळत जाणाऱ्या कमानी एकमेकींना छेदतात व मधें शंकरपाळ्यासारखे बारीक चौकोन पडतात. चेंडूच्या कडेवर मात्र याच रेषा लांबट व किंचित् नागमोडी दिसतात. सेल्युलॉइडच्या फण्यांवर व सुऱ्यांच्या मुठींवर नकली रेषा काढीत, पण त्या वहीच्या पानावरील रेघांसारख्या सरळ. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी त्यांत नसतात. एक सावधगिरी ठेवा. दोन पांढऱ्या चेंडूंपैकीं एकावर ओळखीसाठीं काळा ठिपका असे. आतां त्याऐवजीं पिवळा चेंडू घेतात. हा खेळांतला ठिपका आहे. त्याला गाभ्याचा ठिपका समजूं नका.

दुसरी साक्ष गोलाईची. वाळतांना हस्तिदंत लांबीपेक्षां आडवा अधिक आकसतो, म्हणून जुना चेंडू नकळत अंड्याकडे झुकतो. मीं शाळेंतलें व्हर्नियर मागून आणलें. पांच चेंडू कुठूनहि मोजले तरी सारखे भरले. दोन मात्र एकीकडून ५१.९ व दुसरीकडून ५१.२ मिलिमीटर. चेंडूचें मूळ माप सुमारें ५२.५. हेच ते दोन: एक तडे गेलेला पांढरा, दुसरा रंग उडालेला तांबडा. पेटींत सर्वांत कुरूप तेच होते, आणि भिंगाखालीं त्यांच्यावरच कमानी उमटल्या.

येथें माझी दुसरी चूक कबूल करतों. खात्रीसाठीं तापलेली सुई लावावी, असें कोठेंसें ऐकलें होतें. तशी मीं पांढऱ्या चेंडूला लावली. केस जळल्यासारखा वास आला आणि काळा डाग कायमचा पडला. तो चेंडू सेल्युलॉइडचा असता तर भडका उडून हात भाजला असता. कृपा करून ही परीक्षा कोणी करूं नये. कापडानें घासून चेंडू कोमट केला तर सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, राळेला कार्बोलिकचा. नाकाला तेवढें पुरे.

विद्यार्थी पुन्हां आला तेव्हां त्याला सांगण्यासारखें सुखाचें कांहीं नव्हतें. जे पांच विकतां येतात, त्यांचे फार पैसे येणार नाहींत. ज्या दोहोंना मोल आहे, ते विकतां येत नाहींत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं सुधारणा होऊन देशी व परदेशी, दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला आहे. घरांत ठेवावयाचा तरी वनखात्याचें मालकीपत्र लागतें. “व्यापारी म्हणतो, कागदपत्रांचें कोण विचारतो?” तो हळूच म्हणाला. मी म्हणालों, “तो विचारणार नाहीं. पण पकडला गेलास तर मुलीला काय सांगशील?”

तो बराच वेळ बसून राहिला. मग त्यानें ते दोन चेंडू बनातींतून वेगळे काढून आपल्या रुमालांत बांधले. वनखात्याच्या कचेरींत द्यावयाचा अर्ज मीं माझ्या हातानें लिहून दिला, आणि चेंडूवरील डाग सुईचा असून तो मीं पाडला आहे, हेंहि त्यांत नमूद केलें. सोमवारीं आम्ही दोघे तो घेऊन गेलों.