शाळा अंगणात आणणाऱ्या अनुताई



कुणी काम आवरून बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज १७ मार्च, अनुताई वाघ यांचा जन्मदिवस. म्हणून आज या बाईंची आठवण काढूया.

अनुताई जन्मल्या १९१० साली. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच कपाळ पांढरं झालं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य चुलीपाशीच संपायचं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेत चांगली नोकरी होती. ती सोडून १९४५ साली ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला गेल्या, आणि पुढे डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर.

तिथल्या वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. 'यांना शिकायचंच नाही' असं या दोघी म्हणाल्या नाहीत. का येत नाहीत, ते त्यांनी पाहिलं. कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकटं भावंड सांभाळत होतं. मग शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. आधी मुलांची अंघोळ, नखं, वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. बिया, पानं, खडे, शिंपले हेच शिकवायचं साहित्य. गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरवली. धाकट्यांसाठी पाळणाघर काढलं, म्हणजे मोठी बहीण वर्गात बसेल. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. १९९२ साली वारल्या, तोवर अनुताईंनी हेच काम केलं.

हे आज का सांगतेय? मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक ताई हप्ता भरायला आली. सोबत चौथीतली लेक, तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. वेळ शाळेची. मी जरा रागानंच विचारलं, "पोरगी घरी का?"

ती म्हणाली, "ताई, हा अंगणवाडीत बसायला लहान आहे. मी कांदा काढायला गेले नाही, तर तुमचा हप्ता कुठून भरू?"

मी गप्प झाले. माझ्या वहीत हप्ता वेळेवर जमा होता, आणि शाळेच्या हजेरीत पोरगी गैरहजर होती.

त्याच बैठकीत ठरलं, कांदाकाढणी संपेपर्यंत दोन आजी एका पडवीत लहान मुलं सांभाळतील. कामाला जाणारीनं आजींना रोज थोडे पैसे द्यायचे. पहिल्या दिवशी सगळी पोरं रडली. पण ती मुलगी दप्तर घेऊन शाळेत गेली.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की वही लगेच मिटू नका. आपल्यातल्या कुणाचं मूल शाळेत जात नाही आणि का, एवढं विचारा. रागावू मात्र नका, माझ्यासारखं.