आघाताची कसोटी

सेक्टर ६ ही भिलाईच्या पोलाद-कारखान्याच्या वसाहतीतील वस्ती. १९५९ च्या फेब्रुवारीत कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे देशातील रेल्वेचे रूळ तेथून निघू लागले. रुळाचा तुकडा दोन आधारांवर ठेवून त्यावर उंचावरून जड वजन सोडतात. तुकडा वाकला तर चालतो, मोडता कामा नये. बळकटीची ही कल्पना अंगवळणी पडलेल्या माणसाच्या हाती जवसाच्या धाग्यांची, राळेत बसविलेली पाटी दिली, तर तो ती हलकी म्हणून बाजूस ठेवील.

ती घाई होईल. छत्तीसगडात उभ्या भातातच जवस पेरतात, बियांचे तेल काढतात. काडांना सहसा कोणी विचारीत नाही. पण याच वनस्पतीचे तंतू राळेत बसवून इंग्लंडात, १९४० च्या सुमारास, स्पिटफायर विमानाचा सांगाडा प्रयोगादाखल घडविला गेला होता. वजन म्हणाल तर तंतू पोलादाच्या सुमारे एकपंचमांश.

खरा प्रश्न ठोकरीचा आहे. पोलादास पोचा पडतो आणि तो दिसतो. तंतुमिश्र पाटीवर एखादे अवजार पडले, तर वरचा पृष्ठभाग पुष्कळदा निष्कलंक राहतो. आत मात्र राळ तडकते, थर सुटतात, मागच्या बाजूचे धागे तुटतात. पुढे पाटीवर दाब आला म्हणजे सुटलेले थर एकेकटे वाकतात आणि ती अपेक्षेच्या कितीतरी आधी मोडते. बाजारात मडके वाजवून घेतात, तसाच तपासनीस नाण्याने पाटी ठोकून बद्द आवाज कोठे येतो ते ऐकतो.

धागा राळेस घट्ट चिकटला की पाटी ताणास बळकट होते. परंतु पकड फारच घट्ट असेल तर तडा धागे कापीत सरळ निघून जातो. ती किंचित सैल असली तर धागे राळेतून ओढले जातात आणि त्या घर्षणात आघाताचा जोर जिरतो. जवसाचा धागा तुटण्यापूर्वी शेकडा दोन-तीनच ताणतो; काथ्या शेकडा पंधराच्याही पुढे जातो. म्हणून ताणास दुबळा ठरलेला काथ्या ठोकरीस उपयोगी पडतो. शिवाय वनस्पतीचे तंतू पाणी पितात. पावसाळ्यात ते फुगतात, वाळताना आकसतात आणि पकड सुटत जाते.

मोटारीच्या दाराच्या अस्तरास अशी पाटी उत्तम चालते. जेथे माणसाचा भार तोलायचा आहे, तेथे मात्र ठोकर बसलेली पाटी वरून धड दिसली तरी तपासल्याशिवाय कामास लावू नये.