एका प्रशिक्षकाची कारकीर्द



ज्या जेद्दा शहरात इत्तिहाद 1927 साली आणि अहली 1937 साली स्थापन झाला, आणि जेथे अल अझीझियातल्या तुमच्या गल्लीतील मुलेसुद्धा या दोन फुटबॉल संघांवरून एकमेकांशी अबोला धरतात, तेथे स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून क्रिकेटच्या एका प्रशिक्षकाविषयी बोलणे औचित्याला थोडे सोडून होईल, हे मी जाणतो. परंतु 2024 च्या नोव्हेंबरात आयपीएलचा मोठा लिलाव याच शहरातील अबादी अल जोहर अरेनात भरला, आणि त्यात इंदूरच्या व्यंकटेश अय्यरसाठी कोलकात्याच्या संघाने 23.75 कोटी रुपये मोजले, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. अय्यरच्या मध्य प्रदेश संघाचा कारभारही त्यांनीच पाहिलेला होता. एवढ्या धाग्याच्या आधाराने मी आज त्यांच्याविषयी बोलण्याची मुभा घेतो.

पंडितांचा जन्म 1961 चा, मुंबईचा. रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत वाढलेले ते यष्टिरक्षक. पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने एवढाच त्यांच्या आंतरराष्ट्रीय खेळाचा जमाखर्च. किरण मोऱ्यांसारखा यष्टिरक्षक समोर असताना दुसऱ्याला संधी मिळावी ती बहुधा कुणाच्या आजारपणामुळे. 1987 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर ते उतरले तेही दिलीप वेंगसरकरांची प्रकृती बिघडल्यामुळे. या हकिकतीवर मी अधिक रेंगाळत नाही, कारण त्यांची खरी कारकीर्द खेळ संपल्यावर सुरू झाली.

मात्र एक पराभव सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. खेळाडू म्हणून उत्तरकाळात पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि 1999 साली, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर त्या संघाचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी मिळाली होती. म्हणजे शेवटच्या दिवशी सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक इंदूरला आला असता. पण अखेरच्या सत्रात फलंदाजी कोसळली आणि कर्नाटकाने 96 धावांनी सामना जिंकला. जिंकण्याची सवय नसलेला संघ विजय हाताशी आल्यावरच कसा बिचकतो, हे त्या दिवशी पंडितांनी कर्णधाराच्या जागेवरून पाहिले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे पुढचे सारे काम त्या एका दुपारच्या निरीक्षणातून निघाले आहे.

प्रशिक्षक म्हणून मुंबईला त्यांनी 2002-03, 2003-04 आणि पुन्हा 2015-16 या मोसमांत करंडक मिळवून दिला. पण मुंबईचे जिंकणे ही वतनदारीच म्हणायची, आणि वतनदाराच्या दिवाणाचे कौतुक कोण करतो? 2017 च्या जानेवारीत इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली, आणि पुढच्या मोसमापूर्वी दिवाण बदलला गेला. पंडित नागपुरास विदर्भाच्या चाकरीत रुजू झाले. जो संघ 1957-58 पासून रणजी करंडक खेळत होता आणि ज्याने साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना पाहिला नव्हता, त्या संघाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले, आणि त्याच होळकर मैदानावर, जेथे पंडित आदल्या वर्षी हरले होते, दिल्लीला नऊ गडी राखून नमवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात त्रिक्रम साधला. अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने 133 धावा केल्या. पुढच्या मोसमात करंडक पुन्हा विदर्भाकडेच राहिला.

मुलांनो, आयर्लंडात गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे, ज्यात परगण्यांचे संघ बिनपगारी खेळतात आणि तरीही ज्याच्यासाठी सारा देश हातातली कामे टाकून मैदानाकडे धावतो. तेथील मिक ओड्वायर या व्यवस्थापकाने केरी परगण्याला 1975 ते 1989 या मुदतीत आठ वेळा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवून दिले. पण मला त्याचे मोठेपण त्या आठांत तितकेसे दिसत नाही, जितके 1998 साली किल्डेअरला 42 वर्षांनी आणि 2003 साली लीशला 57 वर्षांनी लेन्स्टर प्रांताचे अजिंक्यपद मिळवून देण्यात दिसते. केरीला जिंकण्याची पिढीजात ओळख होती; किल्डेअर आणि लीशला ती करून द्यावी लागली. पंडितांची जात ही ओड्वायरची.

2020 साली ते मध्य प्रदेशात परतले. सी. के. नायडूंच्या काळातील होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला होता, पण तो संघ इतिहासजमा झाल्यावर मध्य प्रदेशाच्या वाट्याला एकही आला नव्हता. जून 2022 मध्ये अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवरच झाला, आणि समोर उभी होती एक्केचाळीस वेळा विजेती ठरलेली मुंबई. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके ठोकली. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावरून खाली मान घालून निघालेला कर्णधार त्या दिवशी सर्वांदेखत रडला. शिस्तीच्या बाबतीत कुणाचीही गय न करणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याने रडावे हे मला फार आवडले.

ही शिस्त सर्वांनाच मानवते असे नाही. कोलकात्याच्या संघाने 2024 ची आयपीएल जिंकली खरी, पण एका परदेशी खेळाडूने त्यांच्या करड्या अंमलाविषयी जाहीर कुरकुर केली, आणि 2025 साली पंडितांनी तो संघ सोडला. जगभर हिंडून आलेल्या धनवान खेळाडूंना शाळेतल्यासारखे वागवता येत नाही, ही तक्रार मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. पण ज्यांना कुणी कधी गंभीरपणे वागवलेच नव्हते, त्या नागपूर-इंदूरच्या पोरांना तोच अंमल मानाचा वाटला असेल.

आणि त्याचा हिशेब 2025 च्या फेब्रुवारी-मार्चात नागपुरास लागला. पंडितांना विदर्भ सोडून पाच वर्षे झालेली, प्रशिक्षक विदर्भाचाच उस्मान घनी, समोर केरळ. विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, म्हणजे जी आघाडी 1999 साली पंडितांच्या संघाला पुरली नव्हती, ती या संघाने शेवटपर्यंत न बिचकता सांभाळली. कर्णधार होता तोच अक्षय वाडकर.

मुख्याध्यापिकाबाई, माझ्या हाती दिलेल्या बक्षिसांच्या यादीत विजयी संघांतील प्रत्येक मुलामुलीचे नाव आहे, पण ज्यांनी या उन्हाच्या देशात सूर्य कलल्यावर त्यांचा सराव घेतला, त्या क्रीडाशिक्षकांचे नाव नाही. आपली परवानगी असेल तर पहिले बक्षीस देण्यापूर्वी मी त्यांनाच व्यासपीठावर बोलावतो.